बोटांच्या ठशांवरून कॉग्निटिव्ह सायन्स नाकारू नका

ठाणे आणि नवी मुंबईतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. कॉग्निटिव्ह सायन्स (मन कसे चालते याचा अनेक विषयांच्या साधनांनी होणारा अभ्यास) हे मानसशास्त्राचेच नवे नाव आहे, त्यात अनेक विषयांचे थोडे थोडे शिकवतात पण एकही पक्का होत नाही, त्यातून नोकरी मिळत नाही, आणि मुलांना अशा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमाला घालण्यापूर्वी बोटांच्या ठशांवरून मेंदूची चाचणी करून घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. ऐरोलीला राहणारी माझी भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला याच विषयात एम.एस्सी. करायची आहे. संदेश वाचून तिच्या वडिलांनी त्या चाचणीचे पैसेही भरले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा शेवटचा आहे, तोच आधी घेते. डावा मेंदू प्रबळ असेल तर गणित, उजवा असेल तर कला, आणि दोन्ही समान असतील तरच कॉग्निटिव्ह सायन्स, हे म्हणे दहा बोटांवरून कळते! बोटांवरील रेषांची ठेवण बाळ गर्भात असतानाच ठरते आणि पुढे आयुष्यभर तशीच राहते. मेंदू मात्र शिकण्याने बदलतो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट या मेंदूसंशोधकांनी अशा उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाआधी आणि नंतर स्कॅन केले, तेव्हा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृती आणि दिशाज्ञान सांभाळणाऱ्या मेंदूतील भागाचा, मागील भाग वाढलेला दिसला. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जो अवयव प्रौढ वयातही अभ्यासाने बदलतो, त्याची कुवत जन्माआधीच ठरलेल्या रेषांत कशी वाचणार? बहुतेक माणसांत भाषेचे बरेचसे काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते, एवढे अर्धसत्य मान्य करते. पण त्यावरून माणसांचे डाव्या आणि उजव्या मेंदूचे असे दोन गट पडत नाहीत. असे दावे कसे तपासावेत हे ज्या विषयात शिकवतात, त्याच विषयापासून मुलीला या चाचणीच्या आधारे दूर ठेवले जात आहे, याचा मला विशेष राग येतो.

‘मानसशास्त्राचे नवे नाव’ या आरोपाला जॉर्ज मिलर यांचा २००३ मधील लेख पुरेसे उत्तर देतो. मिलर स्वतः मानसशास्त्रज्ञ होते, तरीही या विषयाचा जन्म ते ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात भरलेल्या परिसंवादात झाल्याचे सांगतात, कारण तेथे संशोधक ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांचा तर्क करणारा संगणकीय प्रोग्राम, भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांचे भाषेविषयीचे विवेचन आणि मिलर यांचे स्मृतीच्या मर्यादेवरील काम एकाच दिवशी मांडले गेले. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, मेंदूविज्ञान, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे सहा विषय त्यांनी परस्परांशी जोडलेले दाखवले आहेत. मन कसे चालते हा प्रश्न एका विषयाच्या साधनांनी सुटत नव्हता, म्हणून ही जोडणी झाली. विद्यार्थ्याला सगळ्याची चव देण्यासाठी नव्हे. अशी जोडणी किती दूर नेते पाहा: संगणकाला शिकता यावे यासाठीच्या कृत्रिम न्यूरल नेटवर्कवरील कामाबद्दल २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळालेले जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची होती.

एक विषय पक्का नसेल तर असा अभ्यास उथळ राहू शकतो, हे खरे आहे. म्हणूनच सांख्यिकी, प्रोग्रामिंग किंवा भाषाविज्ञान यांपैकी एकात भक्कम पाया घालूनच यात उतरावे.

नोकरीच्या जाहिरातीत या पदवीचे नाव क्वचितच असते, हेही नाइलाजाने मान्य. परंतु वापरकर्त्यांच्या वर्तनाचे संशोधन, भाषा-तंत्रज्ञान आणि शिक्षणसाधनांची रचना या कामांत हेच कौशल्य लागते. गांधीनगर आणि दिल्लीच्या आयआयटींमध्ये या विषयाची एम.एस्सी. आहे. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे आणि मुले विज्ञान व गणित कशी शिकतात यावर तेथे पीएच.डी. करता येते. चाचणीवर खर्च करण्याऐवजी भाचीच्या वडिलांनी तिच्यासह या संस्थांचे अभ्यासक्रम वाचावेत, आणि भरलेले पैसे परत मागावेत.