‘भाकरी हवी तेवढी खा, गोळ्या फेका’: शुगरवाल्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घरात कुणाला शुगर निघाली की दोन दिवसांत एक मेसेज फोनवर येतोच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा असतो: ‘उपाशीपोटी 140 पर्यंत साखर नॉर्मलच असते, औषध कंपन्यांनी धंद्यासाठी आकडा खाली आणला. साखर आणि भात बंद करा. गूळ, मध, ज्वारी-बाजरी हवी तेवढी खा. आठवड्यातून दोन उपास करा. रोज सकाळी कारल्याचा रस प्या. मेटफॉर्मिनने किडनी जाते, गोळ्या बंद करा. तीन महिन्यांत शुगर मुळासकट जाईल.’

निव्वळ थाप असती तर हा मेसेज कधीच मेला असता. त्यात खऱ्याचे तुकडे आहेत, म्हणून तो टिकतो. किती खायचं आणि गोळी कुठली चालू आहे, हे मात्र त्यात कुठेच नाही.

आधी 140 चं बघू. आकडा हवेतला नाही. 1979 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने उपाशीपोटी दर डेसिलिटर रक्तात 140 मिलिग्रॅम साखर ही निदानाची रेषा ठरवली होती आणि 1997 मध्ये ती 126 वर आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1999 मध्ये तीच घेतली. कारण होतं डोळ्यांचं. अमेरिकेतले पिमा आदिवासी, इजिप्तमधले लोक आणि अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य पाहणी, अशा तीन ठिकाणी माणसांची साखर आणि त्यांच्या डोळ्यांचे पडदे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा पडद्याचे विकार 140 च्या बरेच आधी वाढू लागलेले दिसले. दुसरी अडचण अशी, की ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 ही वेगळी रेषा होतीच आणि तिने रुग्ण ठरणारे कितीतरी जण 140 च्या चाळणीतून सुटत होते. 126 ने दोन्ही चाळण्या बऱ्यापैकी जुळल्या. यात कंपन्यांचं गिऱ्हाईक वाढलं, हे कबूल. पण 1979 मध्येसुद्धा 140 म्हणजे नॉर्मल नव्हतं, ती आजाराचीच रेषा होती. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं सोयीस्कर गाळलंय.

गूळ आणि मध. दोन्ही बहुतांशी साखरच. गुळातल्या लोहाचं कौतुक करायचं तर रोज किती गूळ खावा लागेल, याचा हिशेब एकदा करून बघा. चहातली साखर काढून गूळ घातल्याने चहाचा रंग बदलतो, रिपोर्ट बदलत नाही.

आता भात आणि भाकरी. इथे मेसेजमुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण पथ्य पाळतोय या समाधानात माणूस बिनधास्त होतो. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर एका भाकरीचं पीठ मोजा. मध्यम भाकरीला 50 ते 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं आणि त्यात कर्बोदकं 35 ते 40 ग्रॅम असतात. मोठी वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात 40 च्या आसपास. म्हणजे वाटीभर भात सोडून पिठल्याबरोबर तीन भाकऱ्या हाणल्या तर कर्बोदकं तिप्पट झाली. भाकरीत चोथा जास्त, ती चावावी लागते, पोट लवकर भरतं, म्हणून ती सरसच. पण एक किंवा दीड. भातही हद्दपार करायची गरज नाही. अर्धं ताट पालेभाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे, उरलेल्या पाव ताटात भात नाहीतर भाकरी. खातानाही आधी भाजी-उसळ आणि शेवटी भात, असा क्रम लावला तर साखर कमी चढते. विश्वास ठेवू नका, ग्लुकोमीटरने बघा: पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर बहुतेकांना 180 च्या आत यायला हवी. आठवडाभर अशी नोंद ठेवलीत की तुमच्या ताटाबद्दल कुठल्याही फॉरवर्डपेक्षा जास्त कळेल.

उपास. आपल्याकडे उपास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि मध्ये बटाट्याचा कीस. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्यात चोथा नाही की प्रथिनं नाहीत. खिचडीतलं दाण्याचं कूटच काय ती लाज राखतं. आणि कुणी खरोखर निरंकार राहिलं तर? ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्शुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर ते धोक्याचं. ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे पाहून काम करत नाही. दरदरून घाम, हातांची थरथर, गोंधळल्यासारखं होणं, मीटरवर 70 च्या खाली, असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. एकादशी मोडली म्हणून विठोबा रागावत नाही.

कारल्याच्या रसावर थोडक्यात: आजवरचे प्रयोग छोटे आणि कच्चे आहेत, त्यांवरून गोळी सोडावी असं काही हाती लागलेलं नाही. कारल्याची भाजी खुशाल खा.

मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची नेहमीची गोळी, किडनी खराब करत नाही. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि रक्तदाब. गैरसमजाचं मूळ बहुधा असं, की किडनी आधीच बरीच मंदावलेली असेल तर डॉक्टर ही गोळी कमी किंवा बंद करतात. लोक क्रम उलटा लावतात. तिचे खरे त्रास वेगळे आहेत. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी. बरीच वर्षं घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाने तर ते तपासून घ्यावंच. टाइप 1, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन जवळपास बनवतच नाही असा मधुमेह असलेल्या मुलाने या मेसेजच्या नादी लागून इन्शुलिन बंद केलं, तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं.

राहिलं ‘मुळासकट जाईल’. यातही तुकडा खरा आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात निदानाला सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या टाइप 2 (सर्रास आढळणारा प्रकार) रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण 850 कॅलरींवर ठेवलं. वर्षभराने 46 टक्के लोक गोळ्यांशिवाय मर्यादेत होते, दोन वर्षांनी 36 टक्के. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात वर्षअखेरीला हे प्रमाण 86 टक्के होतं. यश वजनाच्या काट्यावर मिळालं, तेही देखरेखीखाली. ‘पण मी कुठे जाड आहे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच शरीरं मोजून दाखवली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही, तेव्हा कमरेचा घेर मोजा. आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुटल्या, तरी एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि डोळ्यांची तपासणी दरवर्षी चालूच ठेवावी लागते, कारण वजन परत चढलं की साखरही परत चढते.