भालाफेकीपलीकडची रात्र

भारतीय प्रेक्षक ॲथलेटिक्समध्ये फक्त नीरज चोप्रासाठी जागतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला अर्धेच पटले. 27 ऑगस्ट 2023 च्या रात्री बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेची भालाफेक आमच्या घरीही त्याच्यासाठीच लावली होती. पहिली फेक फाऊल ठरल्यावर सगळे गप्प झाले आणि दुसऱ्या फेकीत भाला हवेत असतानाच तो पाठ फिरवून, हात उंचावून प्रेक्षकांकडे वळला, तेव्हा 88.17 मीटर हा आकडा येण्याआधीच आम्ही ओरडलो होतो. परंतु आदल्या दिवशी 4×400 मीटर रिलेच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेपाठोपाठ 2:59.05 अशी आशियाई विक्रमी वेळ देणाऱ्या आपल्या चौघांनी आमची झोप आधीच उडवली होती. अंतिम फेरीत ते पाचवे आले. बीडच्या अविनाश साबळेचे स्टीपलचेसमधील (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) आव्हान मात्र प्राथमिक फेरीतच संपले, याची हळहळ (निदान मराठी माणसाला) नीरजच्या सुवर्णपदकाच्या आनंदातही वाटत होती. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 87.82 मीटरची फेक केली, तेव्हा माझ्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या, हेही नमूद करतो.