चिप आहे, मग रेडिओ का नाही?

‘एफएमची चिप प्रत्येक फोनात असतेच, लोकांनी डेटा जाळून गाणी ऐकावीत म्हणून कंपन्या ती मुद्दाम बंद ठेवतात, आणि तुम्ही त्यांची वकिली करता,’ असं तुमचं म्हणणं. वकिलीचं राहू द्या, माझं अडतं ते ‘असतेच’ या शब्दावर.

वायफाय-ब्लूटूथच्या बऱ्याच चिपांमध्ये एफएमचा भाग असतो, हे खरं. पण नुसत्या चिपने भागत नाही, लहरी पकडायला अँटेनाही लागतो, आणि तो लहरीच्या लांबीच्या हिशेबात हवा. एफएमच्या पट्ट्यातल्या 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटर. पाव लहरीचा अँटेना धरला तरी 75 सेंटीमीटर तार हवी. वायफायचं तीनेक सेंटीमीटरमध्ये भागतं, ते फोनच्या कडेला कुठेही मावतं. म्हणून तर हेडफोनची वायर अँटेना म्हणून वापरायची युक्ती निघाली. वायर उपसली की रेडिओ ‘हेडफोन जोडा’ म्हणून अडून बसायचा, आठवत असेल. फोनवरचं हेडफोनचं भोक, म्हणजे जॅक, गेला आणि ही तारही गेली. चार्जिंगच्या टाइप-सी भोकातून वाट काढता येते, पण तशी जोडणी फोनच्या आतल्या सर्किट बोर्डावर आधीच द्यावी लागते. पुन्हा अँड्रॉइडमध्ये कुठल्याही ॲपला वापरता येईल अशी एफएमची तयार सोय नाही, म्हणजे ॲपही कंपनीनेच लिहायचं.

2017 मध्ये हार्वी, इर्मा, मारिया या चक्रीवादळांनंतर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी ‘आयफोनमधला एफएम सुरू करा’ असं ॲपलला जाहीरपणे सांगितलं. ॲपलचं उत्तर होतं, आयफोन 7 आणि 8 मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीचा अँटेनाही नाही. आता जॅक काढला कोणी, तर त्यांनीच, तेव्हा त्यांना साळसूद म्हणायची माझी तयारी नाही.

डेटाचा संशय अमेरिकेत रास्त आहे, कारण तिथे फोन बहुतेक वेळा सिमकार्डवाली कंपनीच विकते. आपल्याकडे फोन एकाचा, सिम दुसऱ्याचं. तुमच्या रिचार्जमधला रुपया फोनवाल्याला मिळत नाही. उलट जिओफोन काढला तो डेटा विकणाऱ्या कंपनीने, आणि त्यात एफएम होता!

जॅक आहे, चिप आहे, तरी रेडिओ गायब, अशा फोनांबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. तिथे नुसता आळस आणि कद्रूपणा. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने उद्योग संघटनांना कळवलं, की फोनातला एफएम बंद ठेवू नका, आपत्तीत आणि खेड्यापाड्यांत तो लागतो. पण तो पडला सल्ला.

राहता राहिला वडिलांच्या फोनचा प्रश्न. त्यांना आकाशवाणीचं मीडियम वेव्हवरचं केंद्र हवंय असं तुम्ही लिहिलंय. एफएमची चिप 87.5 ते 108 मेगाहर्ट्झ पकडते, मीडियम वेव्ह 2 मेगाहर्ट्झच्याही खाली असते. एफएमवाला फोन शोधून घेतलात तरी त्यांचं केंद्र काही लागायचं नाही. त्यांना सरळ ट्रान्झिस्टर घेऊन द्या, फक्त त्यावर मीडियम वेव्हचा पट्टा आहे ना, ते दुकानातच लावून बघा.