‘बॉडी म्हणजे नुसता डबा’: रेंजफाइंडरपुरता खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या फोटोवाल्यांत एक सल्ला फिरतोय: ‘बॉडी म्हणजे नुसता अंधारा डबा, सगळे पैसे लेन्सला घाला.’ एसएलआरला हे बरंचसं लागू पडतं, तिथे फोकस लेन्समधूनच दिसतो. रेंजफाइंडरचं तसं नाही. या कॅमेऱ्यात लेन्समधून न बघता बॉडीच्या खिडकीतून बघायचं; तिथे दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळल्या की फोकस. म्हणजे इथे अंतर बॉडी मोजते.

रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन (बघायच्या खिडकीत दृश्य किती पट दिसतं ते), यावर फोकसची अचूकता ठरते; गुणाकार मोठा, तितका फोकस नेमका. लायका एम3 मध्ये हा आकडा सुमारे 62 मिमी, फोइक्टलेंडर बेसा आर मध्ये जेमतेम 25. म्हणून बेसावर 35 मिमी एफ 2.5 निर्धास्त लावा. 90 मिमीच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून जवळून चेहरा टिपलात, तर डोळ्यांऐवजी कान शार्प येण्याची भीती.

बजेट तुटपुंजं असेल तर आधी धड बॉडी, सोबत साधी 50 मिमी. आणि जुनी बॉडी घेण्याआधी राजहंसगडावरून दूरचा टॉवर बघाच: दोन्ही प्रतिमा एकजीव व्हायला हव्यात, आडव्या आणि उभ्याही. मी ते केलं नव्हतं. भाचीच्या बारशाचा अख्खा रोल गेला; पाळण्याची मागची दोरी लख्ख, बाळाचा चेहरा धूसर.

एक राहिलंच: स्क्रू माउंटची (आट्यांवर फिरवून बसणारी) लेन्स रिंग लावून लायकाच्या एम बॉडीवर बसते; एमची लेन्स स्क्रू बॉडीवर नाही.