तास संपल्यानंतरचं काम
शिक्षकांबद्दलच्या एका लेखात वाचलेलं 'शिक्षकाचं काम तास संपला की संपतं' हे वाक्य मनाला लागलं. मी नववी-दहावीला गणित शिकवते. कायम पुढच्या बाकावर बसणारी मुलगी अचानक मागे जाऊन बसू लागते, वही कोरी राहते. हे बऱ्याचदा आधी आम्हालाच दिसतं. मग 'जरा वह्या न्यायला मदत कर गं' म्हणून तिला थांबवायचं आणि वह्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कधी ती तिसऱ्या दिवशी बोलते, कधी महिन्याने. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक तृतीयांश मानसिक विकार वयाच्या १४ व्या वर्षाआधी आणि निम्मे १८ व्या वर्षाआधी सुरू होतात आणि बहुतेक ओळखलेच जात नाहीत. म्हणजे नेमकी आमच्याच वर्गातली मुलं! आम्हाला समुपदेशनाचं निदान प्राथमिक प्रशिक्षण तरी द्या.