‘शेठ लोकांच्या धावपट्ट्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक,

मागच्या लेखात मी ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराजवळच्या जुंदियाई आणि कातारीना या दोन छोट्या विमानतळांबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुम्ही माझी चांगलीच खरडपट्टी काढलीत. हे सगळे शेठ लोकांचे चोचले आणि मी त्यांची आरती ओवाळतोय, हा पहिला आरोप. गरीब जनतेच्या पैशातून मूठभरांसाठी धावपट्ट्या बांधल्या जातात, हा दुसरा. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत : ‘आमच्या जिल्ह्याच्या धावपट्टीवर म्हशी चरतात आणि तुम्हाला ब्राझीलचं पडलंय.’ उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

आधी पैशाचं बघू. कातारीना जेएचएसएफ नावाच्या कंपनीने बांधलाय. तिचा मूळ धंदा महागडी घरं, मॉल आणि हॉटेलं. साओ रोके गावाजवळ, साओ पाउलोपासून साधारण ६० किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून स्वतःच्या जमिनीवर तिने २४७० मीटरची धावपट्टी टाकली आणि डिसेंबर २०१९ मध्ये विमानतळ सुरू केला. शेजारी तिचाच आउटलेट मॉल आहे. हे शक्य झालं ते २०१२ च्या एका सरकारी आदेशामुळे. खाजगी माणसाने विमानतळ बांधावा, बाहेरच्या विमानांकडून शुल्क घ्यावं, फक्त तिकीट विकणारी नियमित प्रवासी सेवा तिथे चालवू नये, असं त्या आदेशाने ठरवलं. म्हणजे धंदा बुडाला तर कंपनीचा, चालला तर कंपनीचा. श्रीमंतांचा आहे म्हणून तो डोळ्यांत खुपत असेल तर खुपू द्या, पण ‘जनतेचा पैसा’ हे लेबल त्याला लागत नाही.

जुंदियाईची गोष्ट वेगळी. तो राज्य सरकारचा विमानतळ, आणि २०१७ मध्ये तो खाजगी कंपनीकडे ३० वर्षांसाठी चालवायला दिला. पण एकटा नाही दिला. त्याच्याबरोबर काम्पिनासचा आमाराइस, ब्रागान्सा पाउलिस्ता, इतान्याएम आणि उबातुबा असे पाच एकत्र दिले. आंब्याच्या पेटीसारखं : घ्यायची तर अख्खी पेटी घ्या, वरचे चांगले निवडून मिळणार नाहीत. जुंदियाईत हँगरचं, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडचं, भाडं आहे, दुरुस्तीच्या कार्यशाळा आहेत, विमानं उभी करण्याचे पैसे आहेत. उबातुबा हे समुद्रकाठचं सुट्टीचं गाव, तिथे तसं काही नाही. ज्या शेठांचा तुम्हाला राग येतो, त्यांच्या जुंदियाईतल्या पार्किंगच्या पैशातून दुसऱ्या गावच्या धावपट्टीचं कुंपण आणि गवत सांभाळलं जावं, हा या गाठोड्यामागचा हिशेब.

पैसा उलट्या दिशेने वाहिल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण काम्पो दे मार्ते. साओ पाउलो शहराच्या पोटातला हा जुना विमानतळ १९२० चा. नियमित प्रवासी विमान इथे येत नाही. हेलिकॉप्टर, छोटी जेट, फ्लाइंग क्लब आणि पोलिसांची हेलिकॉप्टरं, एवढाच इथला राबता. १९३२ मध्ये साओ पाउलोने केंद्राविरुद्ध बंड केलं, ते मोडलं, आणि केंद्राने हे मैदान ताब्यात घेतलं ते घेतलंच. महापालिका १९५८ मध्ये कोर्टात गेली. आपल्याकडे ‘आजोबांनी केस टाकली, नातू तारखेला जातोय’ म्हणतात, तसा हा खटला चालला आणि २०२२ मध्ये मिटला. कसा? जागेची भरपाई म्हणून केंद्राने महापालिकेवरचं २० अब्ज रेआलहून (रेआल म्हणजे ब्राझीलचं चलन) जास्त कर्ज माफ केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काम्पो दे मार्ते आणि रिओचा जाकारेपागुआ अशी जोडी लिलावात निघाली आणि एका गुंतवणूक फंडाने सुमारे १४ कोटी रेआलला घेतली. ते पैसे सरकारच्या नागरी विमान वाहतूक निधीत जातात. त्या निधीचं पुढे काय होतं, तिकडे नंतर येतो, कारण तुमचा राग खरं तर तिथे लागू पडतो.

आता ‘चोचले’. जाकारेपागुआहून उडणाऱ्या बऱ्याच हेलिकॉप्टरांत शेठ नसतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर पाळीला जाणारे कामगार असतात. जुंदियाईत टूफ्लेक्स नावाची छोटी कंपनी होती. नऊ आसनी, एका इंजिनाची सेस्ना कॅरव्हॅन विमानं घेऊन ती मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत अशा गावांना जायची. २०२० मध्ये आझुल या मोठ्या ब्राझिलियन विमान कंपनीने ती विकत घेऊन ‘आझुल कोनेक्ता’ असं नाव दिलं. ब्राझीलमध्ये साडेपाच हजारांहून जास्त नगरपालिका आहेत आणि नियमित विमानसेवा त्यातल्या फार थोड्यांना. बाकीच्यांच्या वाट्याला येतं ते हेच : कॅरव्हॅन, एअर टॅक्सी, नाहीतर बस. २००७ मध्ये शहरातल्या कोंगोन्यास विमानतळावर १९९ बळी घेणारा अपघात झाला, त्यानंतर तिथे छोट्या विमानांच्या वेळा कमी केल्या गेल्या. मग शेठचं जेट, शिकाऊ पायलटचं विमान आणि ही नऊ आसनी, सगळीच जुंदियाई, सोरोकाबा असल्या ठिकाणी पांगली. सोरोकाबात तर एम्ब्राएर, गल्फस्ट्रीम आणि दासो या विमानं बनवणाऱ्या कंपन्यांची दुरुस्ती केंद्रं आहेत. तिथे पाना घेऊन जेटखाली उभा राहणारा मेकॅनिक जेटमध्ये बसत नाही, पण त्याचं घर त्यावर चालतं.

म्हशींबद्दल थोडक्यात. हा ब्लॉग विमानतळांचा आहे, जिल्ह्याचा नाही. तरी संबंध हवाच असेल तर कोल्हापूरहून स्टार एअरने गेलात तेव्हा ज्या विमानात बसलात ते याच ब्राझीलच्या एम्ब्राएरचं होतं. ब्राझीलच्या शेतांवर फवारणी करणारं इपानेमा विमानही तिचंच. ते २००४ पासून इथेनॉलवर उडतं, उसाच्या इथेनॉलवर. ऊसवाल्या जिल्ह्यातल्या वाचकाला यात काहीच सापडू नये, याचं मात्र मला नवल वाटतं.

इथवर मी तुमच्याशी भांडलो. पण तुमच्या रागात तथ्य आहे, फक्त तुम्ही दगड चुकीच्या खिडकीवर मारलात.

उबातुबाचंच बघा. धावपट्टी ९४० मीटर. एका टोकाला कुंपण, कुंपणाला लागून गावचा रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू आणि समुद्र. ९ जानेवारी २०२५ ला, सुट्टीच्या भर हंगामात आणि पावसात, गोयास राज्यातून एका कुटुंबाला घेऊन आलेलं छोटं सायटेशन जेट इथे उतरलं. ओल्या पट्टीवर ते थांबलं नाही. कुंपण तोडलं, रस्ता ओलांडला आणि जळत किनाऱ्यावर जाऊन पडलं. पायलट गेला. आतले चौघं वाचले, बाहेर रस्त्यावरची माणसं जखमी झाली. चालवणारी कंपनी बदलली म्हणून पट्टी लांब होत नाही, कारण दोन्हीकडे वाढायला जागाच नाही. गाठोड्यातल्या हिशेबाची मर्यादा इथे दिसते : भाड्याच्या पैशातून गवत कापलं जाईल, पण समुद्र मागे सरकणार नाही.

दुसरं कारातिंगा, मिनास जेराइस राज्यातलं गाव. गायिका मारीलिया मेंदोन्सा ५ नोव्हेंबर २०२१ ला कार्यक्रमासाठी तिथे निघाली होती. धावपट्टी काही किलोमीटरवर असताना तिचं किंग एअर हे छोटं विमान विजेच्या उच्चदाब तारांना धडकलं. पाचही जण गेले. असल्या पट्ट्यांवर टॉवर नसतो, उपकरणांच्या आधारे उतरायची सोय नसते, पायलटने डोळ्यांनी बघून उतरायचं असतं. पराती या समुद्रकाठच्या गावीही तेच. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेओरी झावास्की जानेवारी २०१७ मध्ये तिथेच पावसात समुद्रात पडलेल्या विमानात गेले, आणि ते विमान निघालं होतं काम्पो दे मार्तेहून. निघतानाचा विमानतळ चकचकीत आणि उतरायची पट्टी देवाच्या भरवशावर, ही या सगळ्या व्यवस्थेची खरी दुखरी नस. श्रीमंत माणूसही तिथे पैसे मोजून सुरक्षितता विकत घेऊ शकत नाही, कारण विकायला कोणी ठेवलेलीच नसते.

हे दुरुस्त करायचं काम सरकारचं. डिसेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांनी २७० प्रादेशिक विमानतळ सुधारण्याची, ७.३ अब्ज रेआलची योजना जाहीर केली. पैसे मघाशी म्हटलं त्या निधीतून यायचे होते. निधीत पैसे जमत राहिले, पण तूट भरून दाखवायला सरकारने ते बरेचदा अडवून धरले, आणि २७० ची यादी पुढच्या काही वर्षांत आकसत गेली. म्हणजे शेठ लोकांच्या विमानतळाच्या लिलावातून आलेला पैसा कारातिंगासारख्या गावापर्यंत पोचायची वाट कागदावर आहे, पण मध्ये अर्थखात्याचं फाटक आहे. प्रतिक्रिया लिहायची तर या फाटकावर लिहा, मी खाली सही करीन.

आणि कराबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. ब्राझीलमध्ये गाडीवर दरवर्षी राज्याचा वाहनकर भरावा लागतो. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या पोराच्या मोटारसायकलवरही तो लागू शकतो. पण हा कर फक्त जमिनीवरच्या वाहनांचा, असा अर्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लावला होता, त्यामुळे खाजगी जेट आणि यॉट वर्षानुवर्षं त्यातून सुटली. डिसेंबर २०२३ च्या करसुधारणेत राज्यघटना दुरुस्त करून विमानं आणि बोटी त्यात आणल्या. शेतीची विमानं वगळली, ते बरोबरच. आणि परवानाधारक कंपन्यांची, म्हणजे एअर टॅक्सीसारखी, इतरांना सेवा देणारी विमानंही वगळली. तेव्हा आता किती शेठांची जेट विमानं अचानक टॅक्सी होतात, यावर माझं बारीक लक्ष आहे.