वायफाय आसा तर!

मालवणात खोली घेताना "वायफाय आहे ना?" विचारलं की "आसा तर!" हे उत्तर ठरलेलं. ते खोटंही नसतं. वायफाय असतंच; इंटरनेटबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नसतं.

हा फरक फोन ज्या रीतीने ओळखतो, ती मला अस्सल कोकणी वाटते. जोडणी झाली की अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर नुसती हाक मारतो, गडग्याबाहेरून मारतात तशी. उत्तर हवं २०४ हा सांकेतिक आकडा. म्हणजे, 'ऐकलं, द्यायला काही नाही.' एवढ्यावर स्वारी खूश! आयफोनला 'सक्सेस' लिहिलेलं पान लागतं. पण हाकेला कुणी भलतंच पान पुढे केलं, वर नारळाचं झाड आणि खाली 'मोबाइल नंबर टाका', की फोन समजतो, वाटेत कुणीतरी वही घेऊन बसलंय. मग 'साइन इन करा'.

नंबर टाकला की ओटीपी. तो येणार एसएमएसने, एसएमएसला हवी रेंज, आणि रेंज असती तर या वायफायच्या दारात कोण तिष्ठलं असतं? रेंज विहिरीपाशी, वायफाय पडवीत.

कधी ते पानच उघडत नाही. एचटीटीपीएस म्हणजे सीलबंद टपाल. वहीवाल्याने ते मध्येच वळवलं की ब्राउझर प्रमाणपत्राच्या नावाने ओरडतो. तिथे 'तरीही पुढे जा' दाबू नये. साधा, बिनसीलाचा एचटीटीपी पत्ता टाकावा. निव्हरएसएसएल डॉट कॉम हे स्थळ याच कामासाठी आहे. तरी अडलं तर व्हीपीएन (टपाल आडवाटेने नेणारा खासगी बोगदा) बंद, प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर. डीएनएस म्हणजे स्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारा. एरवी ठरवून दिलेल्या डीएनएसलाच फोन पत्ता विचारत बसतो, आणि साइन इनआधी ती वाट बंद असू शकते. मोबाइल डेटाही बंद ठेवावा, नाहीतर एका काडीच्या रेंजवर ब्राउझर परस्पर बाहेर जायला बघतो. मात्र एअरप्लेन मोड नको. ओटीपी काय होडीने येणार?

खरं तर २०२० च्या आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकाप्रमाणे राउटरला फोनला आयपी पत्ता देतानाच 'आमच्याकडे पोर्टल, म्हणजे साइन इनचं दार आहे, माहिती अमुक ठिकाणी' असं सांगता येतं. ही सभ्यता घाट उतरलेली मी तरी पाहिली नाही.

सगळं जुळून २०४ मिळतं, तेवढ्यात वीज जाते. परत आल्यावर राउटरच्या वहीतलं आपलं नाव बहुधा पुसलेलं असतं. चला विहिरीवर.